दुमडलेला कोपरा

अहिल्यानगर (हात अजून 'नगर'च लिहायला जातो),
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सैफ,

सलाम. अम्मींची तब्येत कशी आहे? खर्ड्यात अजून थंडी आहे का? इकडे पंखे सुरू झाले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून चक्क पत्र. माझं अक्षर अजून तसंच आहे, हसू नकोस.

गेल्या रविवारी बेलापूरला कानिफच्या रसवंतीवर गेलो होतो. गडी जाड झालाय. थोडा लंगडतो, पण अपघाताच्या त्या दिवसापासून दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. त्याची पोरगी संस्कृती मैत्रिणींबरोबर राजा-राणी-चोर-शिपाई खेळत बसली होती. त्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि आपली होस्टेलची खोली नंबर नऊच डोळ्यांपुढे आली.

काय दिवस होते रे आपल्या चौघांचे! वैजनाथची रम, अम्मींची तिळाची चटणी, आणि तुझा जिरा सोडा. शिपायाने चुकीचा चोर धरला की त्याने एक झाकण प्यायचं. तू पीत नव्हतास, म्हणून कानिफ तुझा वकील. तुझ्या वाटची झाकणं त्याची. चार झाकणं गेली की तो रेक्टरची नक्कल सुरू करायचा. तू हसून हसून उशीत तोंड खुपसायचास. तसं हसणं मला पुन्हा मिळालेलं नाही, खरंच सांगतो.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारीही आपण तेच खेळलो. तू सारखा शिपाई, आणि सारखा चुकत होतास. कानिफने अकरा झाकणं घेतली आणि भेळ आणायला वैजनाथची गाडी काढली. वळणावर घसरला. दवाखान्यात त्याच्या आईचे, मालनबाईंचे, पाय धरून तू म्हणालास, "माझ्या वाटची त्यानं प्याली, माझ्यामुळं झालं." मी शेजारीच उभा होतो. तू खर्ड्याला गेलास तो गेलासच. ना निकालाला आलास, ना कुणाच्या लग्नाला.

आता लिहितोच. चिठ्ठ्या मी करायचो, आठवतं? शिपायाच्या चिठ्ठीचा एक कोपरा दुमडलेला असायचा, चोराच्या चिठ्ठीचे दोन. चोर मी उचलायचो आणि शिपाई तुझ्यापुढे सरकवायचो. कारण मला पक्कं ठाऊक होतं, तू मला कधीच धरणार नाहीस. "अमृत्या खोटं बोलत न्हाई," म्हणून तू दरवेळी दुसऱ्याकडे बोट दाखवायचास. नक्कल लवकर सुरू व्हावी, एवढंच होतं रे माझ्या मनात. पण दवाखान्यात तू रडत होतास तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर? घाबरलो. आणि मग चौदा वर्षं घाबरलेलाच राहिलो.

रसाचा ग्लास हातात घेऊन कानिफला हे सगळं सांगितलं. त्याने चरक बंद केला. मग म्हणाला, "मला काय सांगतो? माझा पाय लंगडत का व्हईना, चालतोय. त्यो सैफ चौदा वरसं जागचा हालला न्हाई. त्याला सांग."

म्हणून सांगितलं. तू एकदाही चुकला नव्हतास, सैफ, फक्त माझ्यावर विश्वास ठेवत होतास. मला शिव्या घालायच्या असतील तर बेलापूरला ये. दर रविवारी दुपारी मी तिथे असेन. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव, मी येणार नाही. पण कानिफला भेट.

तू कधीच न पकडलेला चोर,
अमृत