वळ लपवणार नाही असा कॅमेरा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने छायाचित्रकार, आता निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. कोणाच्या धाकाने नाही, की कोणाच्या गोडीगुलाबीने नाही. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. याआधीच्या मृत्युपत्रात मी घर मुलाला दिलं होतं. ते मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावं.

माझं राहतं घर आणि त्याखालचा स्टुडिओचा गाळा माझे यजमान वारल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. हे दोन्ही माझ्या पश्चात माझ्या मुलीला मिळावं. बँकेतली शिल्लकही तिचीच. मुलाला यातलं काहीही मिळू नये. म्हातारीला भ्रम झाला होता असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून कारण लिहून ठेवते.

एका दुपारी मुलगी दारात येऊन उभी राहिली. गळ्यावर बोटांचे वळ, गाल काळानिळा. "आई, पाणी दे," एवढंच म्हणाली. तिचा नवरा बांधकामाचा ठेकेदार. माझा मुलगा त्याला फरशा पुरवतो. बहिणीचं कळताच मुलगा धावत आला, हे कबूल करते. "पुरावा ठेवायला हवा," म्हणाला आणि नव्या फोनवर त्याने तिचा फोटो काढला. तो आमच्या ओळखीच्या वकीलबाईंना पाठवला. त्यांचा उलट फोन आला, "अहो, यात काहीच दिसत नाहीये."

खरंच दिसत नव्हतं. फोनने स्वतःच्या अकलेने माझ्या मुलीची कातडी गुळगुळीत केली होती. गाल दुधासारखा, गळा दुधासारखा. मी आयुष्यभर चेहरे टिपले. मारलेल्या बाईला सुंदर करणारं यंत्र तेव्हा पहिल्यांदा बघितलं. शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई माझ्या बाहेरच्या खोलीत येऊन बसला. त्याच्या फोनमध्ये तोच फोटो होता. माझ्या चिरंजीवांनी रात्रीतून त्यालाही पाठवला होता, म्हणे समेट व्हावा म्हणून.

"तुमच्याच मुलाने काढलाय ना? दाखवा, कुठे आहे वळ?" जावई म्हणाला.

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "फोटोत तर काही नाहीये, आई. मिटवून टाकू या ना."

बहीण समोर बसली होती. तिने मान वर केली असती तर सगळं दिसलं असतं. आणि हा फोनमध्ये बघत होता! जावयाची किळस मला आधीपासूनच होती. त्या सकाळी स्वतःच्या पोटच्या पोराची आली, आणि ती अजून गेलेली नाही. दोघांनाही मी चहाचा कप अर्धवट सोडायला लावून घराबाहेर काढलं.

मग कपाटातला आमचा पहिला डिजिटल कॅमेरा काढला. बॅटरी फुगून मेलेली. चालू असता तरी उपयोग नव्हता. खोलीतल्या उजेडात त्याने काढलेला चेहरा वाळू फेकल्यासारखा दिसायचा. वळ कोणता आणि ती वाळू कोणती, कळलं नसतं. रिक्षा करून मुख्य रस्त्यावरच्या दुकानात गेले.

विक्रेता तरुण होता, बोलका होता. "आजी, हा बघा, एकदम नवीन. मेगापिक्सेल डबल. चेहरा आपोआप उजळतो, डाग जातात."

"डाग जायला नकोत, बाबा. डाग राहतील असा दे."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. त्याने मागच्या वर्षीचं मॉडेल काढलं. मेगापिक्सेल कमी, पण आतला सेन्सर मोठा, म्हणजे कमी उजेडातही नीट बघणारा. चेहरा सजवण्याची सोय बंद करता येत होती आणि फोटो मूळ स्वरूपात, काहीही न बदलता साठवता येत होता. मी तो हातात धरून बघितला, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात विक्रेत्याचाच हात टिपला. नखाखालची शाईसुद्धा दिसली. कॅमेरे सुधारलेत हे मी नाकारत नाही. माणसांबद्दल तसं लिहवत नाही. सजावटीवर जाणारा पैसा मी चांगल्या लेन्सवर घातला, आणि हे वाचणाऱ्याने कधी कॅमेरा घेतला तर त्यानेही तेच करावं.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी मुलीला बसवलं. "हनुवटी वर कर," म्हणाले. तिने केली. मी फोटो काढले आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

कोर्टात जावयाच्या वकिलाने "फोटोंशी खेळ केलाय" असा आरोप केला. वकीलबाईंनी मूळ फाइली हजर केल्या. तपासणी झाली, खेळ निघाला नाही. मुलीला घटस्फोट मिळाला. मुलगा साक्षीला आला नाही. फरशांची ऑर्डर चालू होती.

कॅमेरा व लेन्स मुलीला. ती आता त्यावर घरं विकणाऱ्यांसाठी खोल्यांचे फोटो काढून पोट भरते. भिंतीची ओल लपवून द्या म्हणतात, ती देत नाही. गिऱ्हाइकं कमी आहेत. असू देत.

माझ्या अंत्यविधीला मुलाने यावं, त्याला बंदी नाही. जावयाने फाटकाच्या आत पाऊल टाकू नये.

शेवटचं कलम असं लिहिलं होतं, की त्या गळ्याच्या फोटोची मोठी प्रत काच लावून मुलाला द्यावी, म्हणजे त्याला रोज बघावी लागेल. लिहून फार बरं वाटलं. मग मुलीला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "आई, घर तुझं आहे, कुणालाही दे. तो गळा माझा आहे."

म्हणून ते कलम मी खोडत आहे. ते फोटो माझ्या मिळकतीत धरू नयेत. जे माझं नाही ते देण्याचा मला अधिकार नाही.

खाडाखोड मी स्वतः, साक्षीदारांसमक्ष केली आहे.

सही: (आई)

साक्षीदार: १. समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाई. मृत्युपत्र करणारी व्यक्ती शुद्धीवर असल्याची खात्री केली. (सही)
२. गाळ्यातले भाडेकरू, शिंपीकाका. (सही)

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: २१ नोव्हेंबर