मायाक्का कोळेकरची पुस्तके, कातर आणि घर

मी, श्रीमती मायाक्का येडू कोळेकर, वय एकाहत्तर, राहणार भवानी पेठ, सोलापूर, आज हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक घालून बघितला, उपयोग झाला नाही.

कलम १. गच्चीसकट दोन खोल्यांचे हे घर मी घोंगड्या विकून घेतले आणि ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते माझी नात ऋतुजा हिचे एकटीचे. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा जोतिराम, याला त्यातली वीटही मिळणार नाही. उद्या कोर्टात म्हातारीला भ्रम झाला होता असे कोणी म्हणू नये, म्हणून कारण लिहिते.

मला आणि ऋतुजाला सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या गोष्टींचा नाद आहे. पुस्तके ती मोठ्याने वाचायची, मी ऐकायचे. मग मी चष्मा केला आणि तिच्याआधी शेवट वाचून टाकू लागले, त्यावरून आमची भांडणे व्हायची. टीव्हीवर शाळकरी पोरांची टोळी खून शोधून काढते ती मालिका आम्ही ताट बाजूला सारून बघायचो. मला त्यातल्या मारामाऱ्या फार आवडतात. या वयात शोभत नाही म्हणणाऱ्यांनी बघू नये.

ऋतुजाने जेऊरच्या स्थळाला नकार दिला, मला कॉलेज करायचे आहे म्हणाली. जोतिरामने खापर गोष्टींवर फोडले. "म्हातारे, तूच पोरगी बिघडवलीस की," म्हणत त्याने वरवंटा टीव्हीत घातला आणि पुस्तके दारात पेटवली. ऋतुजा विझवायला धावली, तर तिला केसाला धरून जाळात ओढले. तिच्या कानामागे भाजल्याचा डाग अजून आहे.

भावकी जमली. पोलिसांत जायचे नाही म्हणून त्यांनी जोतिरामला बिरोबाचा भंडारा उचलायला लावला, पुन्हा पोरीला मारणार नाही अशी शपथ घातली. आमच्यात भंडारा उचलला की भांडण मिटले असे धरतात. पुढच्या बाजाराच्या आत त्याने तिचा हात पिरगाळून मोडला. भावकी म्हणाली, "आता द्येव बघून घेईल." देवाला सवड होईपर्यंत मला धीर नव्हता. मेंढरांची लोकर कातरायची माझी कातर मी जोतिरामच्या मांडीत खुपसली. तो खाली बसला तेव्हा ऋतुजाला बाहेर काढले. आता ती कॉलेजच्या वसतिगृहात आहे.

कलम २. जाळातून वाचलेली आणि नंतर घेतलेली सगळी पुस्तके ऋतुजाची. नवा टीव्हीही तिचाच.

कलम ३. कातर जोतिरामला द्यावी. त्याच्या मांडीला तिची ओळख आहे.

कलम ४. सून विजयमाला पोरीचा हात मोडला त्या दिवशी आत कडी लावून रडत बसली. याचा मला राग आहे आणि मरेपर्यंत राहील. तरी तिच्याही अंगावर वळ असतात, ते मी पाहिले आहेत. माझी बोरमाळ तिला द्यावी. नवऱ्याला सोडून निघाली तर उपयोगी पडेल.

कलम ५. पेठेत वाचनालय चालवणारे महादेवप्पा यांनी या सगळ्याची अंमलबजावणी करावी.

कलम ६. मागच्या आठवड्यात जोतिराम येऊन म्हणाला, "घर माज्या नावावर कर, न्हायतर गच्चीवरनं ढकलीन. म्हातारी पडली म्हनतील, कोन इचारनार बी न्हाय."

मी म्हणाले, "इचारतील की. मी लिवून ठेवते."

तर लिहिते. ऋतुजा वसतिगृहात गेल्यापासून मी गच्चीचा जिना चढलेले नाही. मी वरून पडून मेले असे कोणी सांगितले, तर शवविच्छेदन झाल्याशिवाय मला माती देऊ नये. माझ्या अंगावर पडून जो सर्वांत मोठ्याने रडेल, त्याचे हात आणि तोंड पोलिसांनी आधी बघावे. ढकलणाऱ्याची कातडी मेलेल्याच्या नखांखाली सापडते, हे आम्ही मालिकेत बघितले आहे. मी नखे कापायचे बंद केले आहे.

लिहून देणार: मायाक्का येडू कोळेकर (सही)

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. महादेवप्पा, वाचनालयवाले (सही)
२. काशम्मा, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १२ जून २०२५