व्याह्यांच्या गाडीचं डावं झाकण

आदरणीय व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत (माझी कंबर सोडून, ती कुठल्याच पत्रात ठणठणीत नसते). तुमची तब्येत कशी आहे? रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. फोनवर तुम्ही "बरा आहे" म्हणता आणि लगेच ठेवून देता. मग आमची सूनबाई (म्हणजे तुमचीच लेक, पण आता तिच्यावर आमचाही थोडा हक्क आहे) फोन हातात धरून खिडकीशी उभी राहते. काय बघते कोण जाणे, समोर तर नुसती भिंत आहे.

तुमचं पत्र मिळालं. "झाकणाचं काय झालं? गिऱ्हाईक खोळंबलंय." बस, एवढंच! अहो, पत्र म्हणायचं की तार? मी मात्र सविस्तर लिहिणार आहे. विहीणबाई गेल्यावर तुम्ही जुनी मोटारसायकल विकायला काढलीत, इथपर्यंत तुमची मर्जी. पण ते गिऱ्हाईक! बॅटरीवरचं झाकण आधी खालून सैल करायचं आणि मग वर उचलायचं, एवढी साधी गोष्ट. त्या गृहस्थाने वरून हिसका मारला. रबरात बसणारी खुंटी मोडली, अर्ध्या झाकणापर्यंत तडा गेला. आणि वर तोंड करून म्हणतो कसा, आधी हे दुरुस्त करा, मग गाडी नेतो. चोराच्या उलट्या बोंबा! असली झाकणं आता दुकानात मिळत नाहीत, म्हणून तुम्ही ते टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे धाडलंत. जन्मभर लोकांचे दात दुरुस्त केले आणि म्हातारपणी जुन्या गाड्यांचं फुटकं प्लॅस्टिक सांधत बसलो, असा दुसरा माणूस तुमच्या नात्यात नाही, हे खरंच आहे.

सुरुवात झोकात झाली. दवाखाना बंद केला तेव्हा रोग्याची खुर्ची मी घरी आणली होती (हिला अजून ते पटलेलं नाही). तीत झाकण निजवलं, दिवा ओढला आणि सवयीने म्हणालो, "दुखलं तर हात वर करा." मग तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडलं. ते पाडलं की तडा पुढे सरकत नाही. हा नियम फार शहाणा आहे, व्याहीबुवा. माणसांनाही असं कुठेतरी भोक पाडता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्या दिवशी वाटलं खरं. असो, मी दंतवैद्य आहे, कीर्तनकार नव्हे.

पुढे माती खाल्ली. मोडकी खुंटी नवी घडवायची, तर हाताशी कवळीचा मसाला होता. तोच वापरला. खुंटी सुरेख झाली, पण गुलाबी! निळ्या झाकणाला हिरडी फुटल्यासारखं दिसायला लागलं. शेजारचे मास्तर बघून इतके हसले की त्यांचीच कवळी मला पुन्हा बसवून द्यावी लागली. रंगाचं एक वेळ झाकलं असतं, पण पहिल्याच दाबाला ती खुंटी टपकन निखळली. जातीचं प्लॅस्टिक जातीच्याच प्लॅस्टिकला धरतं. त्याच जातीचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा लगदा भरावा लागतो, तेव्हा कुठे सांधा एकजीव होतो.

आता ती जात शोधायची कशी? ॲसिटोनचा बोळा फिरवायचा. चिकट झालं तर आपलं. मी बोळा घेऊन घरभर फिरलो. टीव्हीचा रिमोट चिकट झाला, त्याच्यावरचे आकडे गेले, आणि आता आमच्याकडे जो लागेल तो कार्यक्रम बघावा लागतो. पंख्याचं बटण बोटाला चिकटून बाहेर आलं. चिरंजीवांच्या चष्म्याच्या काडीवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. शेवटी हिने फर्मान काढलं की या घरात मी कापूस हातात धरायचा नाही.

मग मी तिच्या लग्नातल्या कडक प्लॅस्टिकच्या बॅगेवर डोळा ठेवला. माळ्यावरून काढून कोपरा कापणार, तेवढ्यात ही दारात! कानशिलं गरम करून घ्यायची माझी तयारी होती. पण तिने खुर्चीतलं झाकण पाहिलं, जवळ आली आणि म्हणाली, "हे त्यांच्या गाडीचं ना? कापा मग. मला आता कुठे जायचंय रुसून!" मी कापली. लगदा झाला, तडा भरला, वाळू दिला. मग रंगाआधी घासायला घेतलं, तर हिने हातच धरला. झाकणाच्या खालच्या कडेशी एक जागा फिकट, गुळगुळीत झालेली आहे. मी तिला खराबी समजत होतो. ही म्हणाली, "अहो, विहीणबाई एका बाजूला पाय सोडून बसायच्या. त्यांची टाच लागून झालंय ते."

घासायचा कागद खाली ठेवला. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलो, पण डोळ्यांसमोरचं दिसलं नाही. मला फार वाईट वाटलं, हे उघडच लिहितो. तेव्हापासून काम अडलंय. गिऱ्हाइकाला म्हणावं, धीर धर.

कळावे, लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपला,
व्याही

ता. क. काम अडलंय वगैरे थाप आहे. झाकण केव्हाच तयार आहे. तडा शोधून सापडणार नाही. टाचेची जागा तेवढी सोडून बाकीचं रंगवलंय.

ता. क. दुसरा: झाकण पार्सलने येणार नाही. आमच्या धंद्यात रोगी समोर नसताना दात बसवत नाहीत. गाडी इथे आणा. टेंपोत घालून नव्हे, चालवत. त्यानंतरही विकावीशी वाटली तर मी एक अक्षर बोलणार नाही. सूनबाईने मागची खोली आवरून ठेवलीय, आणि हल्ली भिंतीऐवजी रस्त्याकडच्या खिडकीत उभी राहते.

ता. क. शेवटचा: आल्यावर एक चक्कर मारू. मागे मी बसेन. मला मोटारसायकलची जन्मभर भीती वाटत आलीय, तेव्हा हळू चालवा. डावा पाय झाकणाला लागू देणार नाही.