न भिजलेली बोट

८ जानेवारी
वरून पत्र. तीन वर्षांत न वापरलेलं आपत्तीचं साहित्य परत करा, लिलाव होईल. आमच्या तालुक्याच्या गोदामात तसं एकच : रबरी बोट, आठ माणसांची. मागच्या पुरानंतर आली, तेव्हापासून पूर नाही. वापराच्या रकान्यात शून्य. सही माझी, कारण या टेबलावर इंजिनिअर मी एकटीच.

९ जानेवारी
साहेब म्हणतात, "वीज दरवर्षी पडते. बोटीच्या देखभालीत दोन गावांना वीजरोधक बसतील." चूक म्हणता येत नाही. पण वीजरोधक कुणाला पुरातून काढत नाही, आणि ही गेली तर दुसरी बोट बुलढाण्याहून घाट उतरून येणार. दोन तास धरा. दोन्ही एका कोष्टकात मांडून पाहिलं. जमलं नाही.

१२ जाने.
गोदाम सांभाळणारे वानखडे काका बोटीला दर दिवाळीला पुसून पावडर लावतात. विचारलं, पाण्यात कधी घातली? दचकलेच. "पान्यात? भिजली त खराब नाही व्हनार का मॅडम?"
मग म्हणाले, "शाळेच्या गॅदरिंगले नेली होती, नाटकात. तो वापर लिवा ना."
नाही लिहिणार. खरी चाचणी घेऊ म्हटलं. काकांनी बोटीवर ताडपत्री ओढून घेतली.

१५ जाने.
चाचणी. नदीकाठच्या गावातला तलाव. सगळे काठावर उभे, बसायला कुणी तयार नाही. सरपंच सुनंदाताई पदर खोचून आधी चढल्या. "या ना बे! का अक्षता देऊ तुमाले?" मग गर्दी.
सात जण आणि मी. वल्हं माझ्याकडे, सरळ जायला दोन फेऱ्या गेल्या. जाऊन-येऊन सहा मिनिटं. काका काठावर, डोळ्यांवर हात.
चाळिसाव्या मिनिटाला डावी बाजू मऊ. शिवणीतून बुडबुडे. काका : "म्या काय म्हनलं होतं?"
पंचाईत. वापर एक झाला, पण गळती लिहिली की बोट नादुरुस्त. म्हणजे पुन्हा लिलाव.

१६ जाने.
सुनंदाताईंचा फोन. "गळती काऊन लिवता? आमी कोनाले सांगून राह्यलो का?"
लिहिली. खाली हेही लिहिलं : हवा चाळीस मिनिटं टिकते, फेरी सहा मिनिटांची. म्हणजे सहा फेऱ्या, बेचाळीस माणसं. (संथ पाण्यात. कंसही तसाच पाठवला.) आणि शेवटी : चाचणी घेतली नसती तर गळती पुरात कळली असती.
साहेबांनी दोनदा वाचून पुढे पाठवलं. एक शब्दही खोडला नाही. हे चांगलं.

२९ जाने.
काकांनी शिवण स्वतः पंक्चरवाल्याकडून चिकटवून आणली. आता रोज विचारतात, "मंग, कवा न्यायची पुन्हा पान्यात?"

३ फेब्रु.
उत्तर आलं. लिलाव थांबवलाय, रद्द नाही. सोबत नवा तक्ता : येत्या वर्षात वापर होण्याची शक्यता, टक्क्यांत.
जुन्या पुरांच्या नोंदी काढल्या. क्रम कुठलाच नाही.
काका : "शंभर लिवा."
साहेब : "एक-दोन."
सुनंदाताई, फोनवर : "शून्यच राहो वो मॅडम. पन तुमी शून्य लिवू नका."
तिघांचंही पटतं. रकाना कोरा आहे, मुदत सोमवारची.