खाचराच्या टोकावरून आलेला आवाज

विंझर, मंगळवार संध्याकाळ

जिंकले मी! सासूबाईंच्या शेतीचे व्हिडिओ करायला परवा बिनवायरचा माइक घ्यायला गेले, तर कापूरहोळचा दुकानदार म्हणत होता, "ताई, माइक सगळे सारखेच." मग मी त्यालाच एकेक माइक लावून हायवेपलीकडं उभं केलं. ट्रकच्या घरघरीत पहिल्या दोन माइकांतून त्याचं काही कळेना. तिसऱ्यातून शब्दन् शब्द आला. तोच घेतला.

पण लावायचा कुठं? सासूबाईंच्या नऊवारीला कॉलर थोडीच असते? काल पदराला लावला, तर नुसती कापडाची सळसळ. आज भातकापणीला त्यांनी उन्हासाठी डोक्याला टॉवेल गुंडाळला, तेव्हा कपाळावर त्या टॉवेललाच माइकचा चिमटा लावून टाकला. शेजारची सुमन हसली. हसू दे. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून तो बांधावर ठेवला आणि मी चहा आणायला घरी गेले.

आता ऐकतेय, तर खाचराच्या पार त्या टोकावरून, विळ्याच्या खसाखशीतही, सासूबाईंचा हळू आवाज. सुमनला सांगतायत, "सून लई हुशार हाय आमची. पर तिला सांगू नगंस."

सहा वर्षांत तोंडावर एकदाही म्हणाल्या नाहीत! कपाळावरचा माइक विसरल्या असतील का? असू दे. व्हिडिओतून तेवढं कापलं. पुसलं मात्र नाही. आतापर्यंत चारदा ऐकलं.