न मारलेली फुंकर

मंगळवार, ३ मार्च
दुपारचे दोन

प्रिय आई,

वाकून नमस्कार, आणि कान धरूनही. कान कशासाठी, ते पुढे येईलच.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावायचा कंटाळा करू नकोस. आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं नवं यंत्र आलंय. मालक कुणाला हात लावू देत नाहीत, आणि त्यांना स्वतःला ते चालवता येत नाही. तुझा जावई मजेत आहे, पोट सुटलंय. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं घाटतंय.

पुढच्या महिन्यात येते म्हणून तू कळवलंस आणि मला लग्नाचे दिवस आठवले. लग्नाला तू आली नव्हतीस. "पारशाच्या घरी चाललीस, निदान दिवा तरी लावशील ना?" एवढंच विचारलं होतंस. मी हो म्हटलं. मग तीन वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहीत आले, दिवाबत्ती रोज करते.

आई, मी एकदाही लावला नाही. तू दिलेला पितळी दिवा जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवला होता, बुटांच्या खोक्यामागे. मला कुणी मनाई केली नव्हती गं. पण सासूबाई रोज सकाळी डोकं झाकून आपल्या चंदनाच्या अग्नीपुढे उभ्या राहतात. मला वाटायचं, या घरातला अग्नी त्यांचा, त्यात आपली वात लावायची म्हणजे आगाऊपणा. विचारायची छाती झाली नाही. त्या हेडनर्स होत्या. नुसतं बघितलं तरी समोरच्याचा ताप उतरतो.

तुझं पत्र आल्यावर मात्र राहवेना. शनिवारी सकाळी खिडकीशी दिवा लावला. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, त्या तयार होऊन दाराशी उभ्या. तेवढ्यात पडदा उडून वातीकडे यायला लागला. तुझा जावई घाईघाईनं वाकला आणि त्यानं गाल फुगवले.

"फुंकू नकोस!"

आम्ही दोघी एकदमच ओरडलो. तो बिचारा तसाच, गाल फुगवून उभा.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला हे कुणी शिकवलं?"

"आईनं. तोंडाचा उष्टा वारा अग्नीला लागू द्यायचा नाही म्हणते."

"माझीही आई हेच म्हणायची."

त्यांनी पडदा बांधून टाकला, डॉक्टरांना उशीर होईल म्हणून फोन केला आणि खुर्ची ओढून बसल्या. जळती ज्योत आपण होऊन विझवायची नाही, तेल संपेपर्यंत थांबायचं, म्हणाल्या. चांगला पाऊण तास बसलो. त्यांच्यातही जानव्यासारखा धागा असतो, पण कमरेला, आणि मुलींनासुद्धा. आपल्या वेदांमधला मित्र नावाचा देव त्यांच्याकडे मिथ्र म्हणून आहे, दिलेल्या शब्दाची राखण करणारा. इंद्राला मात्र त्यांनी चक्क दुष्टांच्या रांगेत बसवलंय, हे जरा सावकाश पचव. "कधीकाळी आपली माणसं एकाच विस्तवाशी बसत असतील," त्या म्हणाल्या, "मग कशावरून तरी बिनसलं असेल."

शब्दाची राखण म्हटल्यावर मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. जवळबिवळ काही घेतलं नाही त्यांनी. म्हणाल्या, "दिवा लावला नाहीस, ते चालेल. खोटं लिहिलंस, ते आमच्यात चालत नाही. आजच आईला कळव." मला क्षणभर वाटलं, तूच बोलतेयस.

आज, उद्या करता करता मंगळवार उजाडला, पण लिहिलं बाई एकदाचं. कित्ती हलकं वाटतंय. तीन वर्षांत पहिल्यांदा तुला पत्र लिहिताना हात अडखळला नाही.

आता हवं तेवढं रागाव, पण ये. सासूबाईंनी खिडकीजवळचा कोनाडा रिकामा करून दिलाय, दिवा तिथेच असतो. शनिवारपासून एक दिवस चुकला नाही, त्यांनाच विचार. आणि दोघी मिळून माझा एकेक कान धरा.

तुझी,
आता खरोखरच दिवा लावणारी,
धाकटी