'येते' म्हणून सांगितलं होतं

सोमवार, ४

पोचले एकदाची! विमानतळावर पाटी घेऊन उभा असलेला टॅक्सीवाला माझे पांढरे केस बघून माझ्यामागे कोणी तरुण मुलगी शोधत होता. स्वयंसेविका मीच, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. घरी मुलाने तरी वेगळं काय केलं? या वयात, परदेशात, एकटीने, तेही फुकट राबायला, म्हणे! चाळीस वर्षं तुमच्याकडे फुकटच राबले, तेव्हा कुणाला माझं वय दिसलं नाही, असं सुनावलं आणि बॅग उचलली.

लेक मात्र पोटावर हात ठेवून दारात उभी होती. दिवस भरत आलेत तिचे. वीस तारखेला घरी पाहिजेस, तुझ्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही, म्हणाली. "येते," म्हटलं आणि निघाले.

वृद्धाश्रम स्वच्छ आहे. लांब व्हरांडा, आठ खोल्या, आठ म्हातारी माणसं, सगळीच शेवटाला टेकलेली. दुपारी प्रत्येकापाशी अर्धा तास बसायचं, एवढंच काम. मेट्रनबाईंनी नियमांचा कागद दिला. पहिलाच नियम, कुणाला कसलाही शब्द द्यायचा नाही. जसं काही मी येताजाता शब्द वाटत सुटते! कागद घडी करून बॅगेत टाकला.

बुधवार, ६

इंग्रजी फक्त मेट्रनबाई आणि स्वयंपाकीणबाईंना येतं. मेट्रनबाईंचं व्याकरण ऐकून आमच्या कॉन्व्हेंटातल्या नन्सनी कान धरला असता. बाकीच्यांशी हातवारे. पण उठताना नुसतं मुकाट्याने निघून जायचं? मला नाही जमत. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, तरी फाटकातून निघताना मी 'येते' पुटपुटायचेच.

म्हणून स्वयंपाकीणबाईंना विचारलं, तुमच्या भाषेत 'मी येते' कसं म्हणतात? तिच्या हातातला डाव हवेत थांबला. 'येते' की 'जाते', असं तिने विचारलं. मी ठणकावलं की आमच्यात निघताना 'जाते' कधी म्हणत नाहीत. ह्यांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा स्ट्रेचरवरून ते हसत "जातो गं" म्हणाले. मी दटावलं, तेवढ्यात दार मिटलं. ते आलेच नाहीत. हे काही तिला सांगितलं नाही.

तिने शब्द शिकवला. आठही खोल्यांच्या दारात तो म्हणून आले. चेहरे काय उजळले एकेकाचे! तीन नंबरमध्ये एक म्हातारी शिंपीण आहे. तिने तर मान तिरकी करून माझे खांदे न्याहाळले आणि लगेच सुईत दोरा ओवला.

रविवार, १०

रोज दारात तोच शब्द. शिंपीणबाई पांढरा झगा शिवतेय. डोळ्यांना धड दिसत नाही, पण टाका एका रेषेत. एक संपवला, आता दुसरा घेतलाय.

मंगळवार, १२

शिंपीणबाई गेली, जेवणानंतर. पहिला झगा तिला घातला. दुसरा माझ्यासाठी होता म्हणे. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून आरशासमोर अंगाला लावून पाहिला.

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत रिसीव्हर धरून धरून झालेला. एवढी वर्षं एकाही शिंप्याच्या ध्यानात आलं नाही. झग्याचा डावा खांदा बोटभर खाली आहे.

तिच्याच पलंगावर परत ठेवून आले.

शुक्रवार, १५

पाच नंबरचे आजोबा सकाळी गेले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. दोन दिवस शेजारच्या खुर्चीवर काठी आडवी टाकून कुणाला बसू देत नव्हते. जागा धरलीय म्हणतात, असं स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं. कुणासाठी विचारलं तर माझ्याकडे बोट.

मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. काय बोललात त्यांच्याशी, म्हणून विचारलं. मी शब्द म्हणून दाखवला.

त्या खालीच बसल्या. आठही जणांना? आठही जणांना.

मरणाला टेकलेल्या माणसाला इथे कुणी 'मी येते' म्हणत नाही. म्हटलं तर आपल्याबरोबर येणार असं धरून ते गेल्यावरही वाट बघतात. वाईट नाहीत, म्हणाल्या, नुसती वाट बघतात. उतारा एकच. प्रत्येकासमोर, गेलेल्यांच्या खोलीतही, इथल्या भाषेत 'जाते' म्हणायचं.

थोतांड! कॉन्व्हेंटात शिकलेय मी.

रविवार, १७

व्हरांड्यातून जाताना तीन नंबरमध्ये शिवणयंत्राचा आवाज. भर दुपारी. शिंपीणबाईकडे यंत्र नव्हतंच कधी.

लेकीचा फोन. कळा सुरू झाल्यासारखं वाटतंय. कधी निघतेस, विचारत होती. बोलायला गेले तर माझ्या तोंडून इथलाच शब्द — दोनदा. ती घाबरली. आई, हे काय बोलतेस, म्हणाली.

सोमवार, १८

जिवंत सहा जणांना सांगितलं. 'जाते.' जीभ उचलेना. प्रत्येक वेळी ते स्ट्रेचर डोळ्यांसमोर. चार नंबरच्या आजी रडल्या. मग मान हलवली — सोडलं मला.

पाच नंबरच्या रिकाम्या खोलीतही म्हटलं. खुर्चीवरची काठी खाली पडली. सुटले.

तीन नंबरची खोली राहिली. दार आतून बंद. उद्या.

मंगळवार, १९, सकाळी

बॅगेवर बसून लिहितेय, तीन नंबरच्या दारात. टॅक्सी अंगणात आलीय. लेकीला पहाटे दवाखान्यात नेलंय, पण आत जात नाही, पायरीवर बसून राहिलीय असं मुलगा सांगत होता. एकच शब्द. म्हणायचा आणि पळायचं.

दार उघडं आहे. पलंग रिकामा. झगा नाही.

हॉर्न —

म्हटलं. घाईघाईत, दोन्ही हात जोडून म्हटलं —

नाही. मी काय म्हटलं? आपल्या भाषेत निघालं तोंडातून. 'येते' म्हटलं. सवय — साठ वर्षांची सवय, निघताना —

आतून उत्तर आलं. मराठीत. "ये."

परत म्हणते. जाते म्हणते. जा — जीभ वळत नाही —

लिहिताना बाही कागदावर घासतेय. पांढरी आहे. मी निळा कुर्ता घातला होता. डावा खांदा अगदी बरोबर बसलाय —

टॅक्सी निघाली. मी इथे आहे, थांबा —

लेकीला कुणीतरी कळवा. म्हणावं, पायरी चढ, थांबू नकोस. आई ये —